अडीचशे रुपयांचं ट्रान्समीटर किट आणि ४२.३४ मीटर

(ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकू येत नाही त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मजकूर. बोलीभाषा तशीच ठेवली आहे, काही ठिकाणी थोडी साफसफाई केली आहे.)

मागच्या भागानंतर अंबरनाथहून एका अकरावीतल्या श्रोत्याचा मेसेज आला. तो वाचूनच दाखवतो. "दादा, ऑनलाइन अडीचशे रुपयांत एफएम ट्रान्समीटरचं किट मिळतं. मी आणि माझा मित्र आमच्या बिल्डिंगवर लावून स्वतःचं स्टेशन चालू करायचं म्हणतोय. गाणी, कॉमेडी आणि लोकल लेट आहे का ते सांगणार. लावू का?"

उत्तर "नको" असं आहे. पण एवढंच सांगून मी माईक बंद केला तर तो काय ऐकणारे! आणि खरं सांगू, त्या प्रश्नात इतकी चांगली खाज आहे की नुसतं नको म्हणणं अन्यायाचं होईल. म्हणून आजचा अख्खा भाग त्याच्यासाठी.

आधी तुमच्या हातातल्या फोनबद्दल बोलू. त्यात किती रेडिओ असतात, कधी मोजलेत? मोबाईल नेटवर्कचा एक, वायफायचा एक, ब्लूटूथ, जीपीएस, आणि बऱ्याच फोनमध्ये एफएमची चिपसुद्धा. यातला जीपीएस फक्त ऐकतो, हजारो किलोमीटर वरच्या उपग्रहांना. एफएमसुद्धा फक्त ऐकतो, पण तो अनेक कंपन्यांनी बंद करून ठेवलेला असतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाईल बनवणाऱ्यांना रीतसर सूचना केली की फोनमधला एफएम चालू ठेवा, आपत्तीच्या वेळी त्याची गरज लागते. तुमच्या फोनमध्ये एफएमचं अ‍ॅप असेल तर ते इअरफोनची वायर लावल्याशिवाय चालत नाही, कारण ती वायरच अँटेना असते. १०० मेगाहर्ट्झची लहर तीन मीटरची, तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर, आणि इअरफोनची वायर तेवढी तरी असतेच. ब्लूटूथवाल्यांनो, तुमचं इथेच संपलं.

आपत्ती म्हणजे काय, हे आपल्या पट्ट्यात कुणी समजावून सांगायला नको. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला त्यांना विचारा. आणि २७ जुलै २०१९ तर तुम्हालाही आठवत असेल. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पाण्यात अडकली, हजाराहून जास्त माणसं आत. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल सगळे आले आणि सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. अशा दिवशी फोनचं काय होतं? लाईट जाते, टॉवरची बॅटरी काही तास तग धरते, उरलेल्या टॉवरवर सगळे एकदम तुटून पडतात. इंटरनेट नाही म्हणजे हा पॉडकास्टही नाही. रेडिओला मध्ये टॉवर लागत नाही, बोलणाऱ्याकडे एक पेटी आणि ऐकणाऱ्याकडे एक पेटी असली की झालं. २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये हॅम रेडिओवाल्यांचं एक पथक हजर होतं. ते हौसेसाठी गेलं होतं, जगभरच्या हॅमना अंदमानशी बोलायची संधी द्यायला. लाट आली आणि त्याच सामानावरून निरोप जायला लागले.

आता तुमच्या अडीचशे रुपयांच्या किटकडे येतो, पण बेचाळीस सालावरून.

मार्च २०२४ मध्ये 'ऐ वतन मेरे वतन' नावाचा सिनेमा आला होता, सारा अली खानचा. काहींनी पाहिला असेल. ती गोष्ट खरी आहे. ऑगस्ट १९४२, गांधीजींसकट सगळे नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर बंधनं. मुंबईत उषा मेहता नावाची २२ वर्षांची मुलगी आणि तिचे सोबती विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई ठक्कर यांनी ठरवलं की आपण स्वतःचं रेडिओ स्टेशन काढायचं. त्याचं नाव काँग्रेस रेडिओ. निवेदन असायचं की हे काँग्रेस रेडिओ आहे, ४२.३४ मीटरवरून, हिंदुस्थानातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून. ते "कुठलंतरी ठिकाण" म्हणजे गिरगाव चौपाटीच्या आसपासची घरं. पोलिसांना माग लागू नये म्हणून पेटी सारखी हलवायची. आपल्या विदर्भातल्या चिमूर आणि आष्टीत काय झालं, हे छापायला वर्तमानपत्रं कचरत होती तेव्हा या रेडिओने सांगितलं. अडीच-तीन महिने चाललं. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलीस पोचले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला ठेवलं, १९४६ मध्ये सुटल्या.

सिनेमात धाडस दिसतं, ते होतंच. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट जास्त भिडते. ट्रान्समीटर बनवला कुणी? बाजारातून आणायची सोय नव्हती. नरिमन प्रिंटर नावाचे रेडिओ तंत्रज्ञ होते, त्यांनी तो जोडला. ते हौशी रेडिओवाले. शिकागो रेडिओवाले नानक मोटवाने यांचीही मदत होती, म्हणजे लाऊडस्पीकरच्या धंद्यातलं घराणं. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने हौशी लोकांची लायसन्सं रद्द केली होती आणि ट्रान्समीटर मोडायला किंवा जमा करायला लावले होते. सरकारला नक्की माहीत होतं की घरात बसून तारा जोडणारी ही माणसं काय करू शकतात. वायर आणि व्हॉल्व्ह काढून घेता येतात. डोक्यातलं कसं काढणार?

आता जरा गणित करू या, सोपं आहे. प्रकाशाचा वेग मीटरच्या लांबीने भागला की फ्रिक्वेन्सी मिळते. ३०० ला ४२.३४ ने भागा. येतं ७.०९, म्हणजे ७.०९ मेगाहर्ट्झ. आज भारतात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा हॅम रेडिओसाठी राखलेला आहे, आमच्या भाषेत "चाळीस मीटर". म्हणजे काँग्रेस रेडिओ जिथून बोलत होता, बरोब्बर त्याच जागेवर आज सकाळी देशभरचे हॅम "गुड मॉर्निंग, तुमच्याकडे पाऊस आहे का" अशा गप्पा मारत असतात. तेव्हाही हा हौशी लोकांचाच पट्टा होता. माझा अंदाज असा की, प्रिंटरच्या हाताला ज्या फ्रिक्वेन्सीची सवय होती तीच वापरली गेली. पुरावा माझ्याकडे नाही, पण ज्याने कधी कॉइल गुंडाळली आहे त्याला पटेल.

म्हणजे बघा, ज्या जागेवरून बोललं म्हणून उषाबेनना चार वर्षं झाली, त्या जागेवरून तुम्ही आज कायदेशीर बोलू शकता. वयाची अट १२ पूर्ण. आमचा अकरावीवाला त्यात कधीच बसतो.

कसं, ते सांगतो. परीक्षा दूरसंचार खात्याची वायरलेस शाखा घेते, तिला सगळे डब्ल्यूपीसी म्हणतात. अर्ज सरल संचार नावाच्या सरकारी पोर्टलवरून. दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स येण्याची गरज नाही, पेपर दोन भागांत, एक रेडिओच्या तंत्राचा आणि एक नियमांचा. बारावी सायन्सचं फिजिक्स ज्याला झेपतं त्याला हे जड नाही. ओहमचा नियम, अँटेनाची लांबी, मॉड्युलेशन म्हणजे काय, कुठला पट्टा कुणाचा. जनरलला मोर्सही लागतो, मिनिटाला आठ शब्द. पास झालात की पोलीस पडताळणी वगैरे होऊन कॉल साईन मिळतं, रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३ ने सुरू होणारं, जनरलला व्हीयू२ ने. जगात त्या नावाचे तुम्ही एकटेच. सरकारी कामाला वेळ लागतो, हे गृहीत धरा आणि तोपर्यंत ऐकत राहा.

पण इथे एक मेख आहे आणि ती लपवून तुम्हाला फसवणार नाही. हॅम लायसन्सवर गाणी लावता येत नाहीत, जाहिरात करता येत नाही, "नमस्कार श्रोतेहो" करून सगळ्यांसाठी कार्यक्रमही नाही. एक हॅम दुसऱ्या हॅमशी बोलतो, एवढंच. आमच्या श्रोत्याला हवंय ते स्टेशन. त्याचं काय?

गंमत म्हणजे या देशात रेडिओ प्रसारण हौशी लोकांनीच सुरू केलं. १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेने कार्यक्रम लावायला सुरुवात केली. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं ते चार वर्षांनी. मग हळूहळू सगळं सरकारच्या हातात गेलं. १९८० च्या दशकापर्यंत तर नुसतं ऐकायलाही लायसन्स लागायचं, आजीआजोबांना विचारा, पोस्टात जाऊन पैसे भरायला लागायचे.

किटवाल्या दोस्ता, तुझ्याच वाटेने गेलेला एक जण आहे. बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूर गावात राघव महतो नावाचा इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरवाला. त्याने स्वस्तातल्या सुट्या भागांतून ट्रान्समीटर बनवला, बांबूला अँटेना बांधली आणि गावाला गाणी, हरवलेल्या पोरांची माहिती, आरोग्याच्या सूचना द्यायला लागला. लोक खूश. २००६ मध्ये सरकारने बंद केलं, कारण लायसन्स नव्हतं. आणि त्याच वर्षाच्या शेवटी सरकारने कम्युनिटी रेडिओचं धोरण बदलून स्वयंसेवी संस्थांना स्टेशन काढायची मुभा दिली. त्याआधी फक्त शिक्षणसंस्थांना होती.

आता तुला नको का म्हणतोय, त्याचं कारण. कायदा हे एक आहेच, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात परवानगीशिवाय असं काही उभारण्याला दंड आणि कैद दोन्ही आहे. पण त्याहून मोठं कारण डोक्यावरून जातं, अक्षरशः. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो. १०८ ते ११८ विमानांची दिशा दाखवणारी यंत्रणा, ११८ ते १३७ वैमानिकांचं बोलणं. मध्ये भिंत नाही. आणि अडीचशे रुपयांच्या किटमध्ये असते एक कॉइल, एक ट्रान्झिस्टर आणि देवाचं नाव. उन्हात तापलं की फ्रिक्वेन्सी सरकते. हात जवळ नेला तरी सरकते! वर अँप्लिफायर जोडला की भलत्याच ठिकाणी कचरा पडतो. आपण मुंबई आणि नवी मुंबई, दोन विमानतळांच्या छायेत राहतो. टेरेसवरून तुला तुझं गाणं स्वच्छ ऐकू येईल, पण वर बसलेल्या माणसाला काय ऐकू येतंय ते तुला कळायचा काही मार्ग नाही.

माझं मत विचाराल तर कायद्याने एक छोटी खिडकी ठेवायला हवी होती. न्यूझीलंडमध्ये एफएम पट्ट्याच्या दोन टोकांना थोडी जागा अशी ठेवलीय की एक वॅटपर्यंत कुणीही, वेगळं लायसन्स न काढता, ठरावीक नियम पाळून स्टेशन चालवू शकतं. आकाश कोसळलेलं नाही. आपल्याकडे १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. जनता म्हणजे फक्त कंपन्या आणि संस्था का? हा प्रश्न विचारायचा, पत्रं लिहायची, पण विमानाच्या वाटेत कॉइल ठेवून नाही.

मग आज कायदेशीर काय होऊ शकतं? कम्युनिटी रेडिओ. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालू आहे, ९०.४ वर, गावातल्या बायका माईकवर. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे. लायसन्स व्यक्तीला मिळत नाही, कॉलेजला किंवा किमान तीन वर्षं जुन्या नोंदणीकृत संस्थेला मिळतं. ताकद १०० वॅट, अँटेना जास्तीत जास्त ३० मीटर उंच, पोच साधारण दहा-बारा किलोमीटर. आता नकाशा काढा. उल्हासनगर ते बदलापूर रेल्वेने दहाएक किलोमीटर, अंबरनाथ मध्ये. अंबरनाथच्या एका कॉलेजच्या गच्चीवर शंभर वॅटचा एक ट्रान्समीटर, आणि तिन्ही शहरं त्यात! उल्हासनगरच्या कॅम्पांसाठी तासभर सिंधी, बदलापूरच्या गावांसाठी आगरी, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या निवृत्त मंडळींना त्यांच्या आठवणी सांगायला जागा. आणि जुलैमध्ये नदीची पातळी, कुठला रस्ता बंद, कर्जत लोकल कुठे थांबलीय. मुंबईची एफएम स्टेशनं आपल्या नावाचा उच्चार पूर आल्यावरच करतात. श्रोत्या, तुझं कॉलेज कुठलं? प्राचार्यांकडे अडीचशेचं किट घेऊन जाऊ नकोस, हा नकाशा घेऊन जा.

आपल्या भागात आणखी एक रानातलं स्टेशन सांगायचं राहिलंच. १९५५ च्या नोव्हेंबरपासून गोवामुक्तीसाठी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो आंबोलीच्या जंगलातून पोर्तुगिजांविरुद्ध प्रसारण करत होते, पुढे कॅसलरॉकहून. कोकणी आणि पोर्तुगीजमधून, सहा वर्षं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्याची बातमी त्यांनी विमानात बसून, खाली गोव्यावर लाऊडस्पीकरने सांगितली. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, वयाच्या शंभरीत. आंबोलीला धबधब्याखाली रील काढताना आठवा.

बरं, परीक्षा होईपर्यंत आणि प्राचार्य हो म्हणेपर्यंत करायचं काय? ऐकायचं. माझ्या मते यातच सगळ्यात जास्त मजा आहे.

शून्य रुपयांत: नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा. तिथल्या अँटेनावरची शॉर्टवेव्ह तुम्ही बदलापूर लोकलमध्ये उभ्याने फिरवू शकता. हॅमचा आवाज आधी बदकासारखा येईल, एलएसबी किंवा यूएसबी निवडून हळूहळू सरकवा, माणूस बोलायला लागेल.

दीड-दोन हजारांच्या आसपास: आरटीएल-एसडीआर डोंगल. मुळात टीव्ही बघायला बनवलेला, पण २०१२ मध्ये हौशी लोकांनी शोधून काढलं की त्याची चिप साधारण २४ ते १७०० मेगाहर्ट्झमधलं जवळपास सगळंच ऐकू शकते. ओटीजी वायरने फोनला लागतो. अमेरिकेचे जुने नोआ हवामान उपग्रह डोक्यावरून जाताना थेट चित्र पाठवायचे, ते २०२५ मध्ये बंद झाले. पण रशियाचे मेटिऑर आहेत, १३७.९ मेगाहर्ट्झ. आपल्या पावसाचा ढग आपण स्वतः उतरवून घ्यायचा. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी तर 'स्वयम्' नावाचा अख्खा उपग्रहच बनवला, तोही हॅम पट्ट्यावर बोलणारा. २२ जून २०१६ ला इस्रोने सोडला. तुमच्याहून दोन-चार वर्षांनी मोठी पोरं होती ती.

एक नियम पाळा. स्टेशनं, उपग्रह, हॅम यांच्यापुरतं ठेवा. पोलीस किंवा विमानतळाचं काही कानावर पडलं तर ते रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचं नाही. रीलसाठी तर नाहीच नाही.

आणि आवाजाबद्दल, म्हणजे खरखरीबद्दल. आपल्या पट्ट्यात शॉर्टवेव्ह लावली की पहिल्यांदा निराशा होते. प्रत्येक घरातला एलईडी दिवा, प्रत्येक चार्जर, इन्व्हर्टर, केबलचा बॉक्स, सगळे छोटे ट्रान्समीटरच असतात. एमआयडीसीची यंत्रं, उल्हासनगरच्या शिलाई मशीनच्या मोटारी आणि रेल्वेची २५ हजार व्होल्टची तार वेगळीच. पण एके रात्री लाईट जाते. सगळे शिव्या घालतात, पंखे बंद, डास. तुम्ही बॅटरीवरचा रेडिओ घेऊन गच्चीत जा. इतकी शांतता हवेत असते की सुई फिरेल तिथे कोण ना कोण बोलतंय. अरबी, चिनी, मध्येच भजन. सूर्य मावळला की आकाशातला एक थर विरतो, जो दिवसा मिडियमवेव्ह शोषून घेतो, आणि मग शेकडो किलोमीटरवरची स्टेशनं वरून आपटून खाली येतात. हे फुकट चालू असतं रोज. आपल्याला फक्त खरखरीत ऐकू येत नाही. ज्यांना लाईट जायची वाट बघायची नाही त्यांनी बारवी धरणाच्या रस्त्याला वस्ती संपली की गाडी लावून बघा. रिसीव्हरसाठी झाडाला दहा मीटर साधी वायर टाकली तरी फरक कळतो. परत निघताना वायर काढून आणा मात्र.

(सोसायटीच्या गच्चीवर वायर लावायची तर कमिटीला आधी सांगा. "कपडे वाळत घालायची तार" हे उत्तर एकदाच चालतं.)

ज्यांना आजच सुरुवात करायची आहे त्यांनी ही एक फ्रिक्वेन्सी लिहून घ्या: १४५.८०० मेगाहर्ट्झ, एफएम. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. त्यावर हॅम रेडिओ बसवलेला आहे, अंतराळवीर शाळांशी बोलतात, कधी चित्रं पाठवतात. २०२५ च्या उन्हाळ्यात शुभांशु शुक्लासुद्धा त्याच रेडिओवरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले. स्थानक ४०० किलोमीटर वर आहे, ताशी २८ हजार किलोमीटरने जातं, म्हणून तुमच्या हाताशी जेमतेम दहा मिनिटं असतात. वेळ कुठल्याही ट्रॅकिंग अ‍ॅपवर मिळते. येताना आवाज तीन-साडेतीन किलोहर्ट्झ वर सापडेल, जाताना तितकाच खाली, रेल्वेच्या हॉर्नसारखा. दर वेळी कुणी बोलत असेलच असं नाही, दोन-चार फेऱ्या रिकाम्या जातील. खिडकीतून नाही यायचं, गच्चीत जा, आणि मलंगगडाच्या बाजूने येणारी फेरी असेल तर ते डोंगरावर चढेपर्यंत दम धरा.

काही पकडलंत तर रेकॉर्डिंग पाठवा, तारीख आणि वेळ टाकून. पुढच्या भागात लावू. भेटूच.